कवटीची साक्ष

१

एकाच डोक्याचे दोन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले होते, आणि त्यांतला एक खोटं बोलत होता.

फोटोवाल्या बाई खुर्चीत मागं रेलल्या. इस्पितळात सगळे त्यांना याच नावानं ओळखत. एमआरआय आणि तसल्या यंत्रांतून निघालेली चित्रं वाचणं हे त्यांचं काम. खोली अंधारी, खिडकीला काळा कागद लावलेला, टेबलावरच्या चहावर साय धरलेली. कुठलंही चित्र उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे आणि ज्याचं हे डोकं त्याचं भलं होवो, असं मनात म्हणायचं, हा त्यांचा रोजचा नेम. आजही तो पाळून झाला होता. पण भलं होण्याचं लक्षण काही दिसत नव्हतं.

उजवीकडचा फोटो आज सकाळचा. पेशंट चाळिशीच्या अलीकडची, थोरल्या बहिणीची किडनी बसवलेली. परकी किडनी शरीरानं हाकलून लावू नये म्हणून गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली. तिच्या मेंदूत मागच्या अंगाला, उजव्या बाजूला, एक मोठा डाग पसरला होता. त्याची कड उंदरानं कुरतडावी तशी. डावीकडचा फोटो दीड महिन्यापूर्वीचा, डोकं दुखतं म्हणून काढायला सांगितलेला. नाव तेच, जन्मतारीख तीच, आणि मेंदू धुतल्या तांदळासारखा.

"बघितलंत?" किडनीवाले डॉक्टर मागं उभे होते. "दीड महिन्यात कुठल्या कुठं गेलं हे! तुम्हाला ज्या विषाणूचा संशय आहे, तो इतका धावत नाही. हे शरीरच मेंदूवर उलटलंय. संध्याकाळी स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू करतोय मी."

"आणि विषाणूच असला तर?"

तो विषाणू बहुतेकांच्या अंगात जन्मभर निमूट झोपलेला असतो. प्रतिकारशक्ती दबली की एखाद्याच्याच नशिबी तो जागा होतो आणि मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण खात सुटतो. त्याच्यावर औषध नाही. दाबलेली प्रतिकारशक्ती मोकळी सोडायची, एवढाच एक उपाय. तिथं स्टिरॉइड देणं म्हणजे आगीत तेल.

"पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलंय, उत्तर यायला आठवडा," डॉक्टर म्हणाले. "तोवर हातावर हात ठेवून बसू?"

"डागाचा मधला भाग बघा," बाई हळूच म्हणाल्या. "काळा पडलाय. कड तेवढी ताजी. वणव्यासारखं आहे हे. मधे राख, कडेला आग. एवढी राख व्हायला महिनोन्महिने लागतात. दीड महिन्यापूर्वी हा मेंदू स्वच्छ असणं शक्यच नाही."

"म्हणजे पहिला फोटो दुसऱ्याच कुणाचा?" डॉक्टरांनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "मग हे कपाळ बघा. कपाळामागं हवेच्या दोन पोकळ्या असतात माणसाला. हिला डावी नाहीच. आजच्या फोटोत नाही, त्याही फोटोत नाही. असं कपाळ शंभरात किती जणांचं असतं? डोकं एकच आहे बाई."

ते दारापाशी थांबले. "संध्याकाळपर्यंत पहिला फोटो खोटा ठरवून दाखवा. मी सुई थांबवतो. नाहीतर मान्य करा, की तुमच्या आजोबांनी सही केलेला तो फोटो खराच आहे."

२

आजोबा म्हणजे या खात्यातले सगळ्यांत जुने डॉक्टर. बाईंना चित्र वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. दीड महिन्यापूर्वीचा फोटो त्यांनी वाचला होता आणि खाली सही केली होती: दोष आढळला नाही.

बाई गेल्या तेव्हा ते टेबलाचा खण रिकामा करत होते. भिंग, जुनी पेनं, चष्म्याची मोडकी काडी, सगळं एका खोक्यात जात होतं.

"हे काय चाललंय?"

"सुटकेची तयारी." आजोबा हसले. "एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याच्या संगतीनं बिघडलेला. अख्ख्या इस्पितळात कुजबुज चाललीये, म्हाताऱ्यानं एवढा डाग पाहिला नाही. लोकांनी काढण्याआधी आपणच निघावं."

"पण त्या फोटोत डाग नाहीच. मीही पाहिला ना."

"नाही ना?" खोक्यातला हात खोक्यातच राहिला. क्षणभर त्यांचा चेहरा पोरासारखा झाला. "तेच म्हणतो मी! पोरी, सकाळपासून तो फोटो डोळ्यांसमोर आहे. मेंदू स्वच्छ होता. पण माझ्या शब्दाला आता कोण विचारतो?"

"त्या दिवशी काही वेगळं वाटलं होतं?"

"वेगळं?" त्यांनी खोक्यातलं भिंग हातात घेऊन फिरवलं. "उलट बरं वाटलं होतं. म्हटलं, इतकी वर्षं आजारी असलेली पोर, आणि आतून किती छान राहिलीये! आजारी माणसात बरं काही सापडलं की आनंद होतो बघ. आणि आनंदात माणूस पुढं शोधत नाही." मग त्यांनी मान वर केली. "तू कुंपणाकडून सुरुवात केलीस ना?"

आधी कुंपण, मग घर. आधी कातडी, चरबी, हाड, आणि शेवटी मेंदू. आजोबांनी शिकवलेला हा धडा त्या एरवी कधी मोडत नसत. आज मात्र डागानं त्यांना सरळ घरात ओढून नेलं होतं.

त्या उठल्या, तोच फोन वाजला. यंत्रावरचा पोऱ्या... नव्हे, तो आता पन्नाशीचा होता, पण सगळे त्याला अजून तसंच वागवत. तो घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, माझी पाळी संपतेय. मला काहीतरी सांगायचंय. मग पुन्हा म्हणू नका की आधी का नाही बोललास."

३

त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण त्याचं तोंड कायम भिंतीवरच्या काट्यांकडं असे. यंत्राच्या खोलीबाहेर तो डबा बगलेत मारून उभा होता.

"सगळे म्हणतायत, घड्याळनं दोन पेशंटांची नावं उलटसुलट केली. मॅडम, मी घाई करतो, गाढवपणा करत नाही. त्या दिवशीच्या सगळ्यांचे फोटो ज्याच्या त्याच्या नावावर आहेत, मी एकेक तपासलेत. एक जास्त नाही, एक कमी नाही. अदलाबदल करायला दुसरा कुणी तरी हवा ना?"

"खरंय. मग काय सांगायचंय?"

घड्याळनं पहिल्यांदाच भिंतीकडं न बघता त्यांच्याकडं पाहिलं. "आज सकाळी त्या पेशंटला आत घालताना चौघं लागलो. यंत्राचा बोगदा बघितला आणि किंचाळायला लागली. झोपेचं इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं फोटो निघाला. आणि दीड महिन्यापूर्वी? दगडासारखी पडून होती. आमच्याकडं असा पेशंट वर्षात एखादा येतो."

"आजार वाढला की माणूस बिथरतं."

"असेल. तुम्ही शिकलेल्या." घड्याळ जरा खट्टू झाला. "चेहरा काही आठवत नाही हो, मास्क होता. किडनीवाल्या सगळ्याच मास्क लावून येतात. मी नाव पुकारलं, ती उठली. शरीरात धातू आहे का, ऑपरेशन कसलं झालंय, विचारलं. म्हणाली, किडनीचं. पाठीवर झोपली तर डाव्या कुशीला ओढ बसते म्हणाली, म्हणून मी तिथं घोंगडीची घडी सरकवली. 'देव तुमचं भलं करो,' म्हणाली. इथं मला कोण असं म्हणतो? म्हणून लक्षात राहिली."

"तिच्याबरोबर कोण होतं?"

"बाकावर एकजण होती. तीही मास्कमध्ये. भिंतीकडं तोंड करून बसलेली. रडत होती वाटतं."

४

पेशंटचा नवरा बस चालवायचा. ड्यूटीवरून तसाच आला होता, टोपी हातात, आणि बोलताना ती टोपी स्टिअरिंगसारखी फिरवत होता.

"मी नव्हतो त्या दिवशी. दोघी बहिणीच आल्या होत्या. सगळं ताईच बघते. कुठली गोळी, किती वाजता, काय खायचं, काय नाही. मी आपला हुकमाचा ताबेदार."

"गोळ्याही ताईच देते?"

"तिच्याशिवाय कुणी डबीला हात लावलेला चालत नाही तिला." तो थबकला. "का हो? गोळ्यांत काही...?"

बाईंनी ते तसंच सोडून दिलं. "घरी त्यांना त्रास कधीपासून होतोय?"

टोपी फिरायची थांबली.

"खरं सांगा. आता लपवण्यात अर्थ नाही."

"पुष्कळ झालं हो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "थंडीचे दिवस होते तेव्हा. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा. रोज. काळानिळा झाला होता. मी चेष्टा करायचो, म्हणायचो, बाईसाहेब, वळण घेताना आरसा बघत जा. मग एका बाहीत हात न घालताच बाहेर निघाली. तेव्हा हसू आलं नाही."

"डॉक्टरांना नाही सांगितलंत?"

"तीच हातापाया पडली. म्हणाली, सांगितलं तर गोळ्या बंद करतील आणि ताईची किडनी जाईल. आठ वर्षं डायलिसिस काढलंय तिनं बाई. मशीनचा आवाज झोपेत ऐकायची. ताईनं किडनी दिली तेव्हा म्हणायची, 'ही तुझी किडनी मी जपेन.' ताई म्हणायची, 'आता तुझीच आहे गं.' रोज हेच चालायचं, एखाद्या खेळासारखं." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "डॉक्टर म्हणालेच होते, इतकं जुळलंय की तुमच्या दोघींतला फरक शरीरालासुद्धा कळायचा नाही. त्या दिवसापासून ताई येईल त्याला तेच सांगत असते."

बाई चटकन उठल्या. त्यांना आता ताईकडं जायचं नव्हतं. आधी कुंपण बघायचं राहिलं होतं.

५

अंधाऱ्या खोलीत बसून त्यांनी पुन्हा डोळे मिटले, भलं मागितलं, आणि दोन्ही फोटो बाहेरून आत बघायला सुरुवात केली.

कातडी. कातडीखालची चरबी आजच्या फोटोत जाड, आधीच्यात पातळ. पण स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा भरतो, चरबी वाढते. हा पुरावा नव्हे.

मग हाड.

आजची कवटी जाड होती, आणि हाडाच्या दोन पदरांमधला मगज करडा, डागाळलेला, ओल लागलेल्या भिंतीसारखा. त्यात नवल नव्हतं. किडन्या वर्षानुवर्षं बंद असल्या की हाडं अशीच बिघडतात. बाई पुढं सरकणार होत्या, आणि हात थांबला. आजोबांचे शब्द कानाशी आले. इतकी वर्षं आजारी असलेली पोर, आणि आतून किती छान राहिलीये.

त्यांनी आधीचा फोटो मोठा केला. दोन बारीक काळ्या रेघा, आणि मधे मगजाची पांढरीशुभ्र पट्टी. सुबक, सरळ, निरोगी.

मेंदूतला डाग दीड महिन्यात येऊ शकतो की नाही, यावर डॉक्टरांनी वाद घातला असता. पण आठ वर्षांच्या आजारानं जाडावलेलं हाड दीड महिन्यापूर्वी कोवळं होतं, असं कुणी म्हणू शकणार नव्हतं. आजारी हाड नजरेत भरतं. निरोगी हाडाकडं कोण बघतं?

डोकं एक नव्हतंच. मग कपाळातली ती न उगवलेली पोकळी दोघांत सारखी कशी?

आणि सकाळपासून जी गोष्ट त्यांच्याविरुद्ध उभी होती, तीच हळूच वळून त्यांच्या बाजूला आली. असं कपाळ शंभरात मोजक्यांचंच असतं. पण ते घराण्यात उतरतं. घड्याळच्या घोंगडीचाही अर्थ आता लागला. बसवलेली किडनी पुढं, ओटीपोटात बसवतात. कुशीला व्रण असतो तो देणाऱ्याला.

बाहेर ट्रॉलीचा खडखडाट झाला. परिचारिका वॉर्डाकडं निघाली होती, आणि ट्रॉलीवर स्टिरॉइडची बाटली टांगलेली होती.

"थांब!" फोटोवाल्या बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या इमारतीत ओरडल्या.

६

ताई वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. हाडकुळी, सरळ पाठीची, मांडीवर गोळ्यांची डबी. किडनीवाले डॉक्टर तावातावानं येऊन उभे राहिले होते. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि ताईच्या शेजारी बसल्या.

"ताई, तुमची किडनी कुठल्या बाजूची काढली?"

"डावी."

"अजून ओढ बसते?"

"पाठीवर झोपलं की बसते जराशी." आणि ताईच्या लक्षात आलं. तिनं डबी घट्ट धरली.

"घोंगडी दिली होती ना त्यांनी? बरं वाटलं होतं?"

ताईनं मान खाली घातली. 

"दोनदा परत आलो होतो आम्ही," ती शेवटी म्हणाली. "तो बोगदा बघितला की ही माघारी फिरायची. आणि वर ती भीती, काही निघालं तर गोळ्या बंद, किडनी बंद, पुन्हा ते मशीन. तिसऱ्या खेपेला नाव पुकारलं आणि हिनं माझा पदर धरला. लहानपणी अंधारात धरायची तसा. मी म्हटलं, बस इथं. मी जाते."

"तुम्ही गेलात?" डॉक्टर जवळजवळ किंचाळले. "अहो, डोकं तिचं तपासायचं होतं! तुमचं डोकं बघून काय कळणार होतं आम्हाला?"

ताईनं वर पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"तुम्हीच म्हणाला होता डॉक्टर. रक्तातल्या सहापैकी सहा खुणा जुळल्या. शरीराला आमच्यात फरक कळायचा नाही. मला वाटलं, हिच्यात काही असलं तर माझ्यातही दिसेल." ती थांबली. "खरं सांगू? निम्मं पटलं होतं, आणि निम्मं पटवून घेतलं होतं."

किडनी बसवली तेव्हा डॉक्टरांनी पेढ्यांऐवजी ते वाक्यच वाटलं होतं, मोठ्या आनंदात, दोघींच्या खाटांच्या मधे उभं राहून. त्यांनी ट्रॉलीवरची बाटली स्वतःच्या हातानं उतरवली.

"गोळ्याही आजपासून बंद," ते परिचारिकेला म्हणाले. नेहमीचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"म्हणजे किडनी...?" ताईनं विचारलं.

"बघू," ते म्हणाले. "आता तेवढंच हातात आहे."

७

पाण्याचं उत्तर आलं. विषाणूच होता.

आजोबांनी खोकं परत खणात रिकामं केलं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होईस्तोवर एकही फोटो वाचणार नाही असं स्वतःच सांगितलं. त्या आधीच्या फोटोवरचं नाव बाईंनी बदललं, आणि खाली आजोबांचा शेरा तसाच ठेवला. दोष आढळला नाही. ताईच्या डोक्यात खरोखरच दोष नव्हता.

गोळ्या बंद झाल्या आणि सगळे किडनी बंद पडायची वाट बघत राहिले. ती पडली नाही. गोळ्यांवाचूनही ताईची किडनी धाकटीच्या पोटात इमानानं चालत राहिली. शरीराला फरक कळलाच नाही. ज्या भीतीपायी एवढं सगळं केलं, ती भीतीच पोकळ निघाली. डाग वाढायचा थांबला, पण त्यानं जे खाल्लं होतं ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, दीड महिना आधी कळतं तर.

बाई एका दुपारी वॉर्डात गेल्या. ताई व्हरांड्यात सामोरी आली. "एक विचारू? तो विषाणू किडनीत झोपतो म्हणतात. माझ्या किडनीतून गेला का तिच्यात?"

खोटं बोलायला ती जागा सोयीची होती. बाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"सांगता येत नाही ताई. तिच्या स्वतःच्याही अंगात असेल. माझ्याही असेल. कुणालाच कधी कळणार नाही."

ताईनं मान हलवली. हे ओझं तिनं आधीच उचललं होतं, फक्त वजन विचारून घेतलं.

आत धाकटी उशीला टेकून जेवत होती. डावा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पांघरुणावर पडलेला. ताटलीतला उजवा अर्धा भात तिनं चाटूनपुसून संपवला, आणि डावा अर्धा जसाच्या तसा. जगाची ती बाजू तिच्यापुरती पुसली गेली होती.

"संपलं," ती म्हणाली. "भूक आहे अजून."

ताईनं ताटली उचलली, अर्धी फिरवली आणि पुन्हा खाली ठेवली.

धाकटीचा चेहरा उजळला. मग ती जरा संकोचली. "हे कुठून आलं? तुझ्या वाट्याचं दिलंस होय?"

"नाही गं," ताई म्हणाली, आणि चमचा तिच्या उजव्या हातात दिला. "तुझंच आहे."